मागच्या खोलीतला पट्टेवाला

आमच्या घरी समुद्राचं पाणी मेल गाडीनं यायचं. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते, पण सत्तरच्या दशकात सोलापुरात ते दुसऱ्या कुठल्या वाटेनं येणार होतं? अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गार्ड होते. ते निवृत्त झाले तरी त्यांचे एक जुने सोबती अजून नोकरीत होते. मुंबईला गेले की ते समुद्रावरून प्लास्टिकचे दोन कॅन भरून घेत आणि गार्डाच्या डब्यात, स्वतःच्या पेटीशेजारी ठेवून इथवर पोचवत. स्टेशनवरून पुढं टांगा. दुष्काळ नुकताच सरला होता, गल्लीतल्या नळावर घागरींची रांग होती तशीच होती, आणि त्या रांगेच्या देखत आमच्या दारात पाणी उतरायचं, तेही न पिता येणारं. शेजारणी आईला विचारायच्या, "मालकांचं डोस्कं ठीक हाय न्हवं?" आई म्हणायची, "पेन्शनीत निघाल्यापास्नं असंच हाय."

हे सगळं एका माशासाठी. बाहेरच्या खोलीत अण्णांनी लोखंडी अँगलच्या चौकटीत काचा बसवून, सांध्यांत लांबीचा लगदा भरून, एक मोठी टाकी केली होती. तळाला समुद्राचीच वाळू, काही शिंपले, एक मुखदुर्बळ खेकडा, आणि तो मासा. तळहाताएवढा, पिवळसर अंगावर उभे काळे पट्टे. त्याच सोबत्यांनी तो खडकातल्या डबक्यातून धरून आणला होता. त्याचं खरं नाव आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. "जन्मभर साहेबांच्या दारात पट्टेवाले बघितले, आता माझ्या दारात माझा पट्टेवाला," असं अण्णा म्हणायचे, आणि तेच त्याचं नाव पडलं. भूक लागली की तो काचेवर तोंड आपटायचा. टक्, टक्, टक्. भिजवलेला जवळा पाण्यात पडेपर्यंत थांबायचा नाही.

मी तेव्हा तिशीला टेकलेली, हायस्कुलात शास्त्र शिकवणारी, बिनलग्नाची बाई होते. माझ्या रागाची कीर्ती सात रस्त्याच्या चौकापर्यंत पोचलेली असल्यामुळं स्थळं आपोआप कमी झाली होती आणि घरात तो विषय निघणं बंद झालं होतं. ते मला बरंच होतं. माशाचं शास्त्र बघायचं काम माझ्याकडं आलं होतं. आई मात्र त्या टाकीच्या वाटेला जायची नाही. मंगळवेढ्याकडच्या कोरडवाहू रानात वाढलेली बाई ती, इतकं पाणी नुसतं बघायला साठवून ठेवायचं हेच तिला पटत नव्हतं.

एकदा अण्णांच्या सोबत्यांनी हौसेनं आणखी एक मासा आणला. नव्या माशाला आधी काही दिवस वेगळं ठेवायचं असतं, हे मी नंतर ग्रंथालयातल्या पुस्तकात वाचलं. अण्णांनी तो त्याच दिवशी टाकीत सोडला, आणि तो आठवड्याच्या आत मेला. मग पट्टेवाला खाईना. दगडांवर अंग घासायला लागला. एका सकाळी आई काचेवरची धूळ पुसत होती. तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि टाकीपुढं हात जोडले.

"देवी आल्यात ह्येच्या अंगावर," ती म्हणाली.

मी जवळ जाऊन पाहिलं. माशाच्या परांवर, शेपटीवर रव्याच्या कणांसारखे पांढरे दाणे उठले होते. अण्णांना हसू आलं. त्या वर्षांत भिंतीभिंतीवर सरकारनं रंगवून ठेवलं होतं, की देवीचा रोगी कळवा आणि बक्षीस मिळवा. "कळवूया का मग?" ते म्हणाले. "बक्षीस मिळालं तर टाकीला नवीन काच टाकू." पण आईचं तोंड बघितलं आणि त्यांचं हसू विरलं. माझंही.

आमच्या भाषेत त्या रोगाचं नाव मान देऊन घ्यावं लागतं. देवी होत नाहीत, देवी येतात. आल्या की त्या पाहुण्या. त्यांना औषध द्यायचं नाही, घरात फोडणी द्यायची नाही, चपला घालून वावरायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, दाराला कडुलिंबाचे डहाळे लावायचे, आणि त्या आपण होऊन जाईपर्यंत सेवा करायची. आणि गंमत अशी, की रोग येऊ नये म्हणून दंडावर टोचायचे त्यालाही शब्द तोच. देवी यायच्या, आणि सरकारी माणूस दारोदार फिरून देवी काढायचा. लहानपणी मला वाटायचं, एकच बाई आहे, ती रागावली की येते आणि समजूत घातली की दंडावर बसते.

माझी धाकटी बहीण देवीनंच गेली. मी तेव्हा दहा-अकराची असेन, ती चार-पाचची. आमच्या घराला मागं मोरीच्या पलीकडं एक खोली होती, जाड भिंतींची, वर मातीचं माळवद, उजेडाला एक झरोका. ज्वारीची पोती ठेवायची ती खोली. तिला तिथं ठेवलं होतं. आत फक्त आई जायची. मला उंबऱ्याच्या अलीकडं थांबायची सुद्धा बंदी होती. पण मी थांबायचे. घशात फोड आल्यावर धाकटीला बोलता येईना, तेव्हा ती जमिनीवर वाटी वाजवायची, पाणी हवं की. टक्, टक्, टक्. मला आत काही दिसायचं नाही, तो आवाज तेवढा यायचा. मग एके दिवशी तो यायचा थांबला. तिचं अंथरूण जाळलं, वाटीही कुठं गेली कोण जाणे. खोलीला कडी लागली. ज्वारीची पोती माजघरात आली. त्यानंतर आईनं त्या खोलीत पाऊल टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. सुरुवातीला काही काढायचं घालायचं झालं तर मी किंवा अण्णा जायचो आणि पटकन बाहेर यायचो, पुढं तेही बंद झालं.

तर मासा. पुस्तकात लिहिलं होतं, की हे दाणे म्हणजे एक बारीक परजीवी असतो आणि त्याच्यावर औषध एकच, मोरचूद. तोच निळा मोरचूद, जो शेतकरी फवारायला नेतात. पण अगदी कणभर, पाण्यात विरघळवून, थेंबाथेंबानं, दोन-तीन आठवडे. आणि टाकीत मुळीच घालायचा नाही, कारण त्यानं खेकडा, शिंपले सगळं मरतं. माशाला वेगळ्या भांड्यात ठेवायचं, थंड, अंधाऱ्या, वर्दळ नसलेल्या जागी. सोलापूरच्या उन्हाळ्यात थंड आणि अंधारी म्हणावी अशी आमच्या घरात एकच जागा होती. ती माझ्या तोंडून निघायच्या आधी आईच म्हणाली, "मागच्या खोलीत ठिऊ."

तिनं स्वतः कडी काढली. कडी गंजून बसली होती, तिनं खलबत्त्यातल्या बत्त्यानं ठोकून ती सोडवली. आत गेली, झाडलं, सारवलं. लोणच्याची चिनी मातीची सगळ्यात मोठी बरणी, जिला आम्हाला हात लावू द्यायची नाही, ती राखेनं घासून तिथं नेऊन ठेवली. मी कॅनमधलं समुद्राचं पाणी त्यात ओतलं आणि मासा सोडला. आई बरणीजवळ मांडी घालून बसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "ह्यो हितनं जित्ता भायेर आला पायजे."

हे तिनं मासा म्हणून म्हटलेलं नव्हतं, एवढं कळण्याइतकी अक्कल मला होती. त्यामुळं मी आणखीच इरेला पेटले. जिवंत बाहेर काढायचं तर औषध लागेल, आणि मी ते आणलं होतं. काष्ठौषधीच्या दुकानातून मोरचूद आणून, शाळेच्या तराजूवर तोलून, बाटलीभर निळं पाणी करून मी खोलीतल्या कोनाड्यात ठेवलं. आईनं बाटलीकडं पाहिलं.

"देवी आल्यावर औषद घालायचं न्हाय."

"आई, त्याला देवी नाहीत. माशाला देवी येत नाहीत."

"तुला काय ठावं? तू काय मासा हायस?"

 मी तिच्यासमोर मोजून थेंब घातले आणि पाय आपटत बाहेर आले. "पाय आपटू नगंस," आतून आवाज आला. "त्येंना चालत न्हाय."

घराचा कारभार बदलला. दाराला लिंब लागला. फोडणी बंद झाली. अण्णा रोज बिनफोडणीची आमटी आणि भाकरी पुढं घेऊन म्हणायचे, "आजार माशाला आणि पथ्य मला." पण चपला बाहेर काढूनच आत यायचे. बरणीतल्या पाण्याला हवा मिळावी म्हणून ते सारखं उपसून वरून धार धरावी लागायची. तेवढं मी आईला सांगितलं होतं आणि तेवढं तिनं मनापासून ऐकलं. ती देवघरातला तांब्या घेऊन बसायची. तांब्याला नाव तांब्या असलं तरी इतर घरांत तो पितळेचा किंवा स्टीलचा असतो. हा खरोखरच तांब्याचा होता, तिच्या माहेरचा. दिवसभर ती त्यातनं धार धरायची, आणि उठताना तो तसाच भरून बरणीशेजारी ठेवायची, पाहुणीच्या उशाला ठेवावा तसा.

मी रोज सकाळी शाळेला जाण्याआधी आत जाऊन थेंब घालायचे. खरं सांगते, मला त्या खोलीत भीती वाटायची. पोती असायची त्या कोपऱ्याकडं मी पाठ करायची नाही, आणि बघायचीही नाही. थेंब घालताना बाटलीच्या तळाशी थोडा निळा गाळ दिसायचा. मोरचूद भेसळीचा दिला म्हणून मी मनात दुकानदाराला शिव्या देत राहायचे, म्हणजे दुसरं काही मनात यायला नको.

उन्हाळ्यामुळं शाळा सकाळची होती. दुपारी मी घरी असायचे. सोलापूरची ती दुपार ज्यानं सोसली आहे त्याला सांगायला नको. मिलचा भोंगा होऊन गेला की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं. अण्णा ओला पंचा अंगावर टाकून झोपलेले. अशाच एका दुपारी मी वह्या तपासत बसले होते आणि मागून आवाज आला. टक्, टक्, टक्.

माझ्या हातातलं पेन थांबलं. मला ठाऊक होतं, मासा बरणीला तोंड आपटतोय. टाकीत आपटायचा तसाच. भूक लागली असेल, म्हणजे चांगलंच लक्षण. हे सगळं मी स्वतःला सांगितलं आणि तरी माझे पाय मोरीपर्यंत गेले आणि उंबऱ्याच्या अलीकडं थांबले, बरोबर पूर्वी थांबायचे तिथंच. आत आई बोलत होती. हळू, समजुतीच्या आवाजात. "दमानं ग. देते की. गिळतंय का? थोडंच पी." तांब्यातनं पाणी पडल्याचा आवाज आला. मग तिला माझी चाहूल लागली. मागं न वळता ती म्हणाली, "तू कशाला आलीस? म्होरं जा. हितं यायचं न्हाय तू."

हेच शब्द. हाच आवाज. जवळजवळ वीस वर्षांपूर्वी तिनं मला याच उंबऱ्यावरून असंच परतवलं होतं.  मी, पोरांना भूतखेत काही नसतं म्हणून ठणकावून सांगणारी बाई, मुकाट्यानं पुढं निघून आले आणि अण्णांच्या पायाशी जाऊन बसले. त्यांना उठवलं मात्र नाही.

दाणे गळून पडले. मी खूश झाले, आणि ते पुन्हा उठले, पहिल्यापेक्षा दाट. पुस्तकात हे लिहिलेलं होतं, पण बघणं वेगळं. मासा बरणीच्या तळाशी कुशीवर पडून राहायला लागला. आवाज बंद झाला. आईनं जेवण सोडलं. ती तिथंच बसून असायची, आणि तिचं तोंड मला बघवत नसे. कारण ते तोंड मी आधी पाहिलेलं होतं. अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मासा गेला तर तुझी आई त्या खोलीतनं बाहेर यायची नाही. बघ बाई, काय तुझं शास्त्र असेल ते बघ." एरवी माझ्या शास्त्राची टिंगल करणारा हा माणूस. मी थेंब वाढवले.

आणि मग, का कोण जाणे, तो सुधारला. दाणे गेले आणि परत आले नाहीत. एका दुपारी पुन्हा टक् टक् ऐकू आलं, आणि या वेळी मी उंबरा ओलांडून आत गेले. पट्टेवाला सरळ पोहत होता. आईनं बोटाच्या चिमटीतनं जवळ्याचा एक दाणा सोडला आणि त्यानं तो गप्पकन गिळला. मला इतका आनंद झाला की मी म्हणू नये ते म्हणून गेले.

"बघितलंस? औषधानं झालं की नाही?"

आई माझ्याकडं बघून हसली. कितीतरी वर्षांनी तिला असं लबाड हसताना पाहिलं. "तुजं औषद मी पैल्याच दिशी मोरीत वतलं," ती म्हणाली. "बाटलीत धुन्याची नीळ हाय."

मी कोनाड्यातली बाटली उचलून हलवली. तळाचा गाळ वर उठला. आई अण्णांची धोतरं ज्यात बुडवून काढायची ती नीळ मी इतके दिवस घड्याळ लावून माशाला देत होते. मला रडावं की हसावं कळेना. आई म्हणाली, "सेवेनं बरा झाला त्यो. देवी आल्या, ऱ्हायल्या, गेल्या." आणि हे म्हणता म्हणता तिचं हसू मावळलं. ती बरणीत बघत राहिली. मग स्वतःशी बोलावं तसं तिनं विचारलं, "मग तवा माझं काय चुकलं असंल ग?"

मी खाली बघितलं. तिच्या मांडीजवळ तांब्या होता. बाहेरून काळवंडलेला तो तांब्या आतून नव्यासारखा लालबुंद दिसत होता, आणि त्याच्या गळ्याशी हिरवी कड धरली होती. खारं पाणी रात्र रात्र त्यात उभं राहत होतं आणि दिवसभर त्याचीच धार बरणीत पडत होती. मोरचूद म्हणजे तरी काय, तांबंच. बेतानं तेवढंच कसं उतरलं आणि मासा विषानं कसा मेला नाही, हे मला आजही सांगता येत नाही. पण त्या क्षणी मला वाटलं, आईला द्यायला माझ्याकडं काहीतरी आहे.

"तुझं काही चुकलं नव्हतं," मी म्हणाले. "हा सेवेनं बरा झालेला नाही. तांब्यातलं तांबं पाण्यात उतरलं. तेच औषध. तूच घातलंस, तुला माहीत नव्हतं इतकंच."

तिनं तांब्या उचलला, आत बघितलं, हिरव्या कडेवरून अंगठा फिरवला.

"तिला बी ह्याच तांब्यानं पाजत हुते," ती म्हणाली.

 तिनं तांब्या खाली ठेवला आणि माझा डावा दंड धरला. पोलक्याची बाही वर सारली. तिथं देवी काढल्याचे दोन गोल वण आहेत, अजून आहेत. त्यांच्यावर तिनं तिचं ओलं बोट ठेवलं.

"तिचं औषद हितं हुतं," ती म्हणाली. "तुज्या काढल्या, तुझा दंड ह्यो एवढा सुजला. तू आठवडाभर रडलीस. फुडल्या खेपंला त्यो देवी काढनारा आला तवा मी धाकटीला ह्या खोलीत पोत्यांच्या मागं बसवलं. नाजूक हुती की ती. गूळ दिला वाटीत. म्हनलं, गप ऱ्हा." तिचं बोट वणाभोवती फिरलं. "गूळ संपला तसं तिनं वाटी वाजवली. टक् टक्. त्यो दारातच हुता. मी लुगडं घिऊन मोरीत धुनं आपटाय लागले. जोरजोरात. त्येला ऐकू जाऊ नये म्हून."

माझ्या दंडावरचं बोट तिनं काढलं नाही. मी इतकी वर्षं समजत होते, की तो आवाज मी एकटीनं जपलाय. आणि माझ्या आधीपासून तो तिच्याजवळ होता, आणि तिचा माझ्याहून वाईट होता.

मासा आम्ही बाहेरच्या खोलीतल्या टाकीत परत सोडला. तिथं नुसता खेकडा होता, अंगावर जगायला मासा नसल्यानं ते परजीवी तोवर उपासमारीनं मरून गेले होते. अण्णांनी संध्याकाळी फोडणीचा वास आला म्हणून हात जोडले. मागच्या खोलीची कडी पुन्हा लागली नाही, दार उघडंच राहिलं, आणि आईचं त्या दाराकडं बघत राहणं काही थांबलं नाही. जिवंत बाहेर आलेला तो मासा तिच्या काही कामी आला असं मी म्हणू शकत नाही.

एक मात्र झालं. पट्टेवाला पुढं बरेच दिवस जगला, आणि दुपारी काचेवर तोंड आपटायचा. अण्णा जवळच बसलेले असायचे, जवळ्याचा डबा हाताशी असायचा. पण आई मोरीत धुणं धूत असली तरी हातातलं लुगडं तसंच टाकायची आणि ओल्या हातानं धावत यायची.

"आले ग," ती म्हणायची. "आले, आले."